चार किलो हवा, दर सेकंदाला

मरीन ड्राइव्हवर किंवा पाम बीच रोडवर रविवारी पहाटे हौसेने सायकल चालवणाऱ्याला एकदा शर्यतीत उतरावंसं वाटलं, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हलकी सायकल घेऊ का?" दुकानातही सायकल दोन बोटांवर उचलून दाखवतात. दोन किलो वजन कमी व्हावं म्हणून लोक लाखभर रुपये जास्त मोजतात. पण मुंबईचे रस्ते बहुतेक सपाट आहेत, आणि सपाट रस्त्यावर सायकलवाल्याला वजनापेक्षा कितीतरी जास्त अडवते ती हवा.

थोडा हिशोब करू. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो धरा. चांगल्या डांबरी रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरने जायला साधारण 150 वॅट लागतात. त्यातले 30-35 वॅट टायर रस्त्यावर दबत फिरतात त्यात जातात, उरलेले जवळपास सगळे हवेत. सायकल दोन किलोंनी हलकी केली तर वाचतो जेमतेम 1 वॅट. त्याच जुन्या सायकलवर ताठ बसणं सोडून कोपर वाकवले, हात ड्रॉप हँडलच्या (खाली वाकवलेल्या हँडलच्या) खालच्या भागावर नेले आणि पाठ आडवी केली, तर 20-25 वॅट वाचू शकतात. खर्च शून्य.

हवेसाठी एवढी ताकद का लागते? समोरून पाहिलं तर स्वार आणि सायकल मिळून सुमारे 0.4 चौरस मीटर जागा अडवतात. 30 च्या वेगाने आपण सेकंदाला सव्वाआठ मीटर पुढे जातो. म्हणजे दर सेकंदाला सव्वातीन घनमीटर हवा वाटेत येते, आणि समुद्रसपाटीला एवढ्या हवेचं वजन भरतं जवळपास चार किलो. तासाभरात चौदा टन! आता वेग दुप्पट करा. सेकंदाला वाटेत येणारी हवा दुप्पट झाली. ती दुप्पट वेगाने ढकलायची, आणि शाळेतल्या गतिज ऊर्जेच्या सूत्राप्रमाणे वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. दोन चोक आठ. हवेवर खर्च होणारी शक्ती अशी वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: 20 च्या वेगाला 35 वॅट, 30 ला सुमारे 120, आणि 40 ला 280 च्या आसपास. रोज आरामात 25 ने फिरणाऱ्याला 35 गाठताना जीव का नकोसा होतो, ते या घनात आहे.

ही हवा फक्त समोरून ढकलते असंही नाही. खांदे आणि कंबर ओलांडल्यावर हवेच्या प्रवाहाला अंगाला चिकटून वळता येत नाही. तो सुटतो, पाठीमागे भोवरे उठतात आणि तिथला दाब उतरतो. पुढे जास्त दाब, मागे कमी. या फरकामुळे स्वार सतत मागे खेचला जातो. ढगळ टी-शर्ट पाठीवर फुगून फडफडायला लागला की हे खेचणं आणखी वाढतं, म्हणून अंगाबरोबर बसणारी जर्सी घालायची.

आता यातला सगळ्यात सुंदर भाग. पाठीमागच्या त्या भोवऱ्यांतली हवा पुढच्या स्वाराबरोबर त्याच दिशेने निघालेली असते. तिथे पुढच्याच्या मागच्या चाकाजवळ आपलं चाक ठेवून चालवणाऱ्याला समोरून येणारा वारा मंद मिळतो. अंतर हातभर असेल तर हवेचा अडथळा ढोबळमानाने 25 ते 40 टक्क्यांनी घटतो. यालाच ड्राफ्टिंग म्हणतात. पुढच्याचाही थोडा फायदा होतो, कारण मागचा स्वार त्या कमी दाबाच्या जागेत आल्याने तिथला दाब किंचित वर येतो. 2018 साली नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठातल्या बर्ट ब्लोकन यांच्या गटाने 121 स्वारांच्या थव्याचा विंड टनेलमध्ये (कृत्रिम वारा सोडलेल्या बोगद्यात) आणि संगणकावर अभ्यास केला. थव्याच्या मधल्या-मागच्या भागात बसलेल्यांना एकट्या स्वाराच्या 5 ते 10 टक्केच अडथळा होतो, असं त्यांना दिसलं. वारा बाजूने असेल तर ही आडोशाची जागा तिरकी सरकते, आणि रांगही मग तिरकी होते.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. पावसाळ्याच्या तोंडावर "आज हवा जड आहे" असं सगळेच म्हणतात. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याच्या रेणूचा भार 18, नायट्रोजनचा 28, ऑक्सिजनचा 32. वाफ वाढली की घनता उतरते. त्रास होतो तो घाम न सुकल्यामुळे. स्नायू खाल्लेल्या ऊर्जेतला जेमतेम पाव भाग पेडलपर्यंत पोचवतात, बाकीची उष्णता होते, आणि टपकून गेलेला घाम ती उष्णता नेत नाही. तेव्हा पाणी आणि मीठ पोटात गेलंच पाहिजे. "शक्ती वाढवणारी" चुंबकाची कडी यात काहीही करत नाहीत. ते पैसे चांगल्या हेल्मेटवर खर्च करा.

वजनाचा मान घाटात. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. 6 टक्के चढावर ताशी 12 किलोमीटरने जाताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध 155 वॅटच्या वर लागतात, हवेला फक्त 7-8. पण पहिलीच शर्यत घाटातली निवडू नका.

आधी एखाद्या ग्रुपबरोबर चाक धरून चालवायला शिका. नजर पुढच्याच्या चाकावर न ठेवता त्याच्या खांद्यावरून पुढे ठेवायची. आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला शिरू द्यायचं नाही, कारण तो जरा सरकला तर पडतो तो मागचा. अचानक ब्रेक लावायचा नाही, खड्डा हाताने दाखवायचा आणि ओरडून सांगायचा. ट्रकच्या मागे मात्र कधीही लागू नका. त्याचा ब्रेक आणि खड्डा दोन्ही आपल्याला दिसत नाहीत.

पहिल्या शर्यतीत नवखे थव्यापासून मागे पडतात ते बहुधा यू-टर्नवर. पुढचे वळून वेग घेतात तेव्हा शेपटीतले अजून ब्रेकवर असतात, आणि बघता बघता दहा मीटरची फट पडते. 36 ने चाललेल्या थव्यात 170 वॅटवर निवांत बसलेल्याला ती फट भरायला 39 ने जावं लागतं, म्हणजे बारा सेकंद 300 वॅट, आणि तेही उघड्या हवेत. असे सहा यू-टर्न झाले की पाय संपतात. म्हणून वळणाच्या दोन-तीनशे मीटर आधी हळूहळू सरकत थव्याच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात या, आणि फट दोन मीटरची असतानाच भरा.