टायर बदलल्यानंतरचे ट्रॅक्शन कंट्रोल कॅलिब्रेशन (मोटारसायकल)

मागचे चाक घसरू लागले की इंजिनाची ताकद कापणारी यंत्रणा म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल. मोटारसायकलला नवे टायर चढवल्यावर पुढच्या आणि मागच्या चाकाच्या फेऱ्यांचे नवे प्रमाण तिला ओळखायला लावणे, याला हे कॅलिब्रेशन म्हणतात. पारिभाषिक मराठीत याला कर्षण-नियंत्रणाचे अंशशोधन म्हणता येईल, पण नागपूरच्या गॅरेजात असे कोणी म्हटले तर मेकॅनिक हातातला पाना खाली ठेवून बघत राहील. तिथे शब्द चालतो ‘टीसी सेट करणे’. अडचण अशी की या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात : डॅशबोर्डच्या मेनूतून केलेले कॅलिब्रेशन, गाडीने चालता चालता आपणहून शिकणे, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून एरर पुसणे. पैसे तिसऱ्याचे घेतले जातात आणि ग्राहकाची समजूत पहिले झाले अशी असते.

चाकांची मोजणी

दोन्ही चाकांवर ब्रेकच्या डिस्कच्या आतल्या बाजूला खाचा पाडलेली एक पातळ कडी असते. तिच्यापासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर बसवलेला सेन्सर खाचा मोजतो. एबीएसचे (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) आणि ट्रॅक्शन कंट्रोलचे सेन्सर हेच. यंत्रणेला रस्ता दिसत नाही, टायरची कंपनी कळत नाही, पकड तर मुळीच कळत नाही. मागचे चाक पुढच्याच्या मानाने अपेक्षेपेक्षा जास्त फिरू लागले की ते घसरले असे ती धरते आणि ताकद कापते. त्यासाठी ठिणगी उशिरा पाडते किंवा गाळते, इंधन तोडते, आणि थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल तर त्याची झडप थोडी मिटते.

होंडाच्या एसटी ११०० या प्रवासी मोटारसायकलवर १९९२ मध्ये हे तंत्र आले. २००८ च्या डुकाटी १०९८ आर नंतर ते स्पोर्ट्स बाइकवर रुळले. भारतात १२५ सीसीवरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले, नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीच्या मॉडेलना १ एप्रिल २०१९ पासून. दोन चॅनेलच्या, म्हणजे दोन्ही चाके सांभाळणाऱ्या, एबीएसमुळे दोन्ही चाकांवर सेन्सर आयतेच आले, मग त्यांच्यावर ट्रॅक्शन कंट्रोल उभे करणे स्वस्त पडले. २०२१ ची यामाहा आर१५ किंवा २०२४ ची पल्सर एनएस४००झेड यांसारख्या गाड्यांमुळे हा विषय लाखांच्या विदेशी बाइकवाल्यांपुरता राहिला नाही. कॉलेजच्या पोरांच्या पार्किंगमध्ये येऊन बसला.

फेऱ्यांचा हिशेब

केटीएम ३९० ड्यूकचे उदाहरण घेऊ. पुढे ११०/७० आर१७, मागे १५०/६० आर१७. मागच्या आकड्याचा अर्थ असा : रुंदी १५० मिमी, बाजूची उंची तिच्या ६० टक्के म्हणजे ९० मिमी, रिम १७ इंची म्हणजे ४३१.८ मिमी. व्यास ६११.८ मिमी आणि परीघ सुमारे १९२२ मिमी. पुढच्या टायरचा परीघ असाच काढला तर १८४० मिमी येतो. एका किलोमीटरला पुढचे चाक ५४३ फेरे मारते, मागचे ५२०. हे प्रमाण यंत्रणेच्या स्मृतीत असते.

आता दुकानात १५०/६० नाही, ‘भाऊ, हा टाकून घ्या, सेमच आहे’ म्हणून १४०/७० चढवला. अंगाने अरुंद, पण उंचीने मोठा : परीघ १९७२ मिमी. मागचे चाक आता किलोमीटरला ५०७ फेरेच मारते. जुन्याच आकड्यावर चालणाऱ्या यंत्रणेला मागचे चाक अडीच टक्के हळू फिरताना दिसते. समजा ती आठ टक्के घसरणीवर हात घालणार होती. प्रत्यक्षात ती साडेदहाच्या पुढे गेल्यावर जागी होईल. उलट, मागचा टायर झिजलेला ठेवून फक्त पुढचा नवा घातला, तर मागचे चाक कायम थोडे जास्त फिरताना दिसते. मग स्वच्छ कोरड्या रस्त्यावरही डॅशबोर्डवरचा ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा लुकलुकतो, गाडी खोकल्यासारखी अडखळते.

या दोन चुकांत फरक मोठा आहे. लवकर हात घालणारी यंत्रणा तक्रार करते, मालक वैतागून दुकानात येतो. उशिरा हात घालणारी काहीच सांगत नाही. उलट ‘नव्या टायरने गाडी मोकळी पळते’ असे प्रशस्तिपत्र मिळते. कॅलिब्रेशनची गरज खरी तिथेच असते.

झिजेचाही परिणाम असतो. मागच्या टायरची ५ मिमी रबर गेली की परीघ ३१ मिमीने, म्हणजे दीड टक्क्याहून थोडा जास्त घटतो. गाडी हळूहळू झिजलेल्या टायरचे प्रमाण शिकली असेल, तर त्याच मापाचा, त्याच कंपनीचा कोरा टायर घातला तरी पहिले काही किलोमीटर तिचा हिशेब चुकलेला असतो.

मोटारसायकल वाकते, हा आणखी एक घोळ. टायर गोलाईचा असल्याने वळणावर तो बाजूच्या लहान त्रिज्येवर चालतो आणि प्रमाण बदलते. २०१४ पासूनच्या केटीएम ११९० ॲडव्हेंचरसारख्या झुकावमापक असलेल्या गाड्या हा बदल गृहीत धरतात. म्हणून दिखाव्यासाठी चार इंची रिमवर १६० चा टायर घालण्याची हौस महागात पडते. परिघातला दोन टक्क्यांचा फरक शिकवता येईलही, पण अरुंद रिमवर चिमटून बदललेली गोलाई कुठल्याच मेनूत भरता येत नाही. चेन-स्प्रॉकेट बदलल्याने मात्र चाकांचे आपसातले प्रमाण बदलत नाही. तिथे फार तर गिअर ओळखण्यात गोंधळ होतो.

कॅलिब्रेशनची रीत

सुरुवात हवेपासून, आणि नागपुरात हे सांगावेच लागते. कंपनीने दिलेला दाब थंड टायरचा असतो. सकाळी २८ अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर मे महिन्यातल्या दुपारी उन्हात ५० अंशांवर गेला की गेजवर साडेछत्तीसच्या आसपास दाखवतो. पंपावरचा पोरगा मापाने चालणारा असतो, तो वरची हवा सोडून ३३ करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये तीसही भरत नाही. अशा टायरवर शिकवलेले प्रमाण थोडे चुकीचे आणि पकड बरीच बिघडलेली. पेट्रोल भरायच्या निमित्ताने नव्हे, सकाळी सातच्या आत घराजवळच दाब पाहावा.

परीघ खडूनेही तपासता येतो. फरशीवर आणि टायरच्या बुडाला एकाच जागी खूण करायची, एकाने गाडीवर बसायचे, दुसऱ्याने ती सरळ रेषेत ढकलायची. खूण फिरून पुन्हा खाली आली की फरशीवर दुसरी रेघ. दोन रेघांमधले अंतर म्हणजे खरा चालता परीघ. वजनाने टायर दबत असल्यामुळे तो गणितापेक्षा थोडा कमी भरतो. जुने टायर काढण्याआधी एकदा आणि नवे चढवल्यावर एकदा मोजले, की बदल किती टक्क्यांचा आहे ते स्कॅनरशिवाय कळते.

डुकाटी, एप्रिलिया यांच्या काही मॉडेलमध्ये मेनूत कॅलिब्रेशन असते. ते सुरू करून सपाट सरळ रस्त्यावर, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या गिअरमध्ये आणि वेगाने, काही सेकंद थ्रॉटल न हलवता चालवायचे. ऐकायला सोपे, पण सीताबर्डीतून निघून ते करून दाखवा. अमरावती रोडला वाडीपर्यंत ट्रक. समृद्धी महामार्ग सरळ आहे, पण दुचाकीला बंदी. राहतो आउटर रिंग रोडचा मोकळा पट्टा किंवा बुटीबोरीच्या पुढचा वर्धा रोड, तोही पहाटे.

मेनू नसलेल्या बऱ्याच गाड्या आपणहून शिकतात. गाडी सरळ, वेग स्थिर, ब्रेक नाही, थ्रॉटल हलका, असे दिसले की त्या प्रमाण थोडे थोडे सुधारतात, तेही ठरावीक मर्यादेतच. फरक फार असेल तर एरर येते. काही स्वस्त गाड्यांत आकडा कायमचा असतो. तिथे कंपनीचेच माप घालणे हेच कॅलिब्रेशन.

दुकानात हमखास घडणारा एक प्रकार नोंदवायला हवा. टायर बसला, गाडी मागच्या स्टँडवर आहे, मेकॅनिक चेनला तेल सोडायला पहिल्या गिअरमध्ये इंजिन चालू करतो. मागचे चाक गरगर फिरते, पुढचे ठप्प. यंत्रणा गोंधळते आणि दिवा लागतो. ‘टीसीचा लाइट पेटून राहिला, सेट करावं लागते’ असे सांगून इथेच वेगळे बिल लागते. बहुधा किल्ली बंद करून पुन्हा चालू केली आणि गाडी थोडी चालवली की दिवा जातो. नाही गेला तर मेनूकडे नव्हे, खाली पाहावे : चाक बसवताना खाचांची कडी वाकली असेल, सेन्सर सैल राहिला असेल, किंवा चाकाच्या बाजूचे बुश (अंतर राखणाऱ्या नळ्या) उलटसुलट बसून अंतर वाढले असेल. एबीएसचा दिवाही सोबत लागला असेल तर शंकेला जागा उरत नाही.

नागपूरच्या रस्त्यांवर

शहरातल्या सिमेंट रस्त्यांच्या सांध्यांवर आणि स्पीडब्रेकरवर मागचे चाक क्षणभर हवेत जाते, दिवा लुकलुकतो. ती बिघाडाची खूण नाही. सिमेंटच्या कडेला बसवलेल्या गट्टूंवर पहिल्या पावसात धूळ आणि पाणी मिळून जो चिखल होतो, तिथे प्रमाण अचूक शिकलेली यंत्रणाही फक्त ताकदच कापू शकते. पुढचे चाक घसरले तर ती काही करत नाही. कोऱ्या टायरचा पृष्ठभाग पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो, हेही तिला ठाऊक नसते. त्यामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात टायर बदलून त्याच संध्याकाळी फुटाळा तलावावर ‘टीसी चालते का’ बघण्यासाठी थ्रॉटल पिळणारा कॅलिब्रेशन तपासत नसतो. तपासणी कोरड्या, स्वच्छ, सरळ रस्त्यावर होते : स्थिर वेगात दिवा लुकलुकता कामा नये, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये दमदार पण एकसारखा थ्रॉटल दिल्यावर गाडी अडखळता कामा नये. उशिरा हात घालण्याचा दोष यातूनही दिसत नाही. तो खडूच्या दोन रेघांतच सापडतो.