फुटीर चळवळींना शेजारी राष्ट्राचा पाठिंबा

एखाद्या राष्ट्रातून वेगळा होऊ पाहणाऱ्या प्रदेशातील चळवळीला सीमेपलीकडच्या राष्ट्राने दिलेली राजकीय, आर्थिक किंवा लष्करी मदत. असा पाठिंबा द्यावा की नाही, याचे सरसकट उत्तर देता येत नाही. तो प्रदेश वसाहत आहे की त्या राष्ट्राचा खराखुरा भाग, आणि मदत कोणत्या पायरीपर्यंत न्यायची, या दोन प्रश्नांवर सारे अवलंबून असते. गोव्यात १९४७ ते १९६१ या काळात दोन्ही प्रश्न प्रत्यक्ष उभे राहिले, म्हणून या विषयात गोव्याचा दाखला वारंवार दिला जातो. बऱ्याचदा तो चुकीच्या ठिकाणी दिला जातो.

आंतरराष्ट्रीय कायद्यात मदतीच्या पायऱ्या वेगवेगळ्या धरल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) दुसऱ्या राष्ट्राविरुद्ध बळाचा वापर करण्यास मनाई करते. आमसभेच्या १९७० च्या २६२५ क्रमांकाच्या ठरावानुसार, दुसऱ्या देशातील राजवट हिंसेने उलथवू पाहणाऱ्या सशस्त्र कारवायांना पैसा पुरवणे, चिथावणी देणे किंवा आपल्या भूमीवर त्या खपवून घेणेही निषिद्ध आहे. निकाराग्वा खटल्यात (१९८६) आंतरराष्ट्रीय न्यायालयाने याची फोड केली. नुसता पैसा देणे हा अंतर्गत कारभारातला हस्तक्षेप ठरतो, पण बळाचा वापर ठरत नाही. शस्त्रे व प्रशिक्षण दिले की तो बळाचा वापर ठरतो. मात्र शस्त्रे पुरवली एवढ्यावरून तो ‘सशस्त्र हल्ला’ होत नाही. सशस्त्र टोळ्या मोठ्या प्रमाणावर पाठवल्या, तर मात्र समोरच्या राष्ट्राला स्वसंरक्षणाचा हक्क मिळतो. निर्वासितांना आसरा देणे आणि चळवळीच्या बाजूने बोलणे या पायऱ्यांच्या बरेच अलीकडे येते.

पोर्तुगालने १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले. त्यामुळे लिस्बनच्या लेखी गोवा पोर्तुगालचाच एक प्रांत झाला आणि गोव्याचा स्वातंत्र्यसैनिक फुटीर. नाव बदलल्याने वस्तुस्थिती बदलत नाही, हे संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९६० मध्ये स्पष्ट केले. सत्ताधारी देशापासून भौगोलिकदृष्ट्या दूर असलेला आणि वंशाने वा संस्कृतीने वेगळा प्रदेश ही १५४१ क्रमांकाच्या ठरावातील प्राथमिक कसोटी होती. १५४२ क्रमांकाच्या ठरावाने पोर्तुगालच्या अशा प्रदेशांच्या यादीत गोवा नावानिशी घातला. गोवामुक्तीला मिळालेला पाठिंबा या कसोटीवर उभा आहे. तो दाखवून शेजारच्या स्वतंत्र राष्ट्रातील एखाद्या गटाला बंदुका देणे योग्य ठरवणे ही मोठी गफलत आहे.

भारत सरकारची प्रत्यक्ष मदत बराच काळ हात राखून होती. १५ ऑगस्ट १९५४ रोजी तेरेखोल, पत्रादेवी आणि पोळे येथून गोमंतकीय सत्याग्रहींच्या तुकड्या आत शिरल्या. पुढच्या वर्षी महाराष्ट्रातून व देशाच्या इतर भागांतून हजारो सत्याग्रही आले. १५ ऑगस्ट १९५५ च्या गोळीबारात वीसहून अधिक जण हुतात्मा झाले. त्यानंतर नेहरू सरकारने सत्याग्रहींना सीमा बंद केली. नि:शस्त्र माणसे जाऊ द्यायची आणि ती मारली गेल्यावर मागे राहायचे, ही कोंडी सरकारने स्वतःच ओढवून घेतली होती. पाठिंबा देणाऱ्या राष्ट्राने शेवटची पायरी आधी ठरवलेली नसेल, तर त्याची किंमत चळवळीतली माणसे मोजतात.

सर्वांत परिणामकारक ठरलेली मदत आकाराने सर्वांत लहान होती. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून सीमेलगतच्या जंगलातून, आधी आंबोली व नंतर कॅसलरॉक भागातून, गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. त्याचे कोंकणी व पोर्तुगीज प्रसारण गोवा मुक्त होईपर्यंत सुरू राहिले. त्या काळी गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे. अशा ठिकाणी घरात बसून ऐकता येणारी खरी बातमी किती मोलाची होती, हे वेगळे सांगायला नको.

भारताने गोव्याची केलेली आर्थिक नाकेबंदी मात्र फसली. कुळे ते कॅसलरॉक रेल्वे बंद झाली, मालाची ये-जा थांबली, मुंबईतील गोमंतकीयांना घरी पैसे पाठवणे अवघड झाले. पोर्तुगीज प्रशासनाने बटाटे हॉलंडहून आणि सिमेंट जपानहून आणले. खनिज लोखंडाच्या निर्यातीतून परकीय चलन मिळतच होते. झळ पोचली ती मनिऑर्डरवर चूल पेटणाऱ्या कुटुंबांना, म्हणजे ज्यांच्यासाठी हे चालले होते त्यांनाच.

भारतीय भूमीने वेढलेली पोर्तुगीजांची दादरा व नगर हवेली १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी मुक्त केली आणि भारताने पोर्तुगीज सैन्याला आपल्या भूमीतून वाट दिली नाही. पोर्तुगालने आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला भरला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरताच पोर्तुगालचा वाटेचा हक्क मान्य झाला. सशस्त्र दले, पोलीस व दारूगोळा यांच्यासाठी नाही. तणावाच्या स्थितीत वाट रोखण्यात भारताने कोणतेही बंधन मोडले नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

स्वतंत्र राष्ट्राच्या भागाबाबत भारताचे दोन अनुभव एकमेकांच्या उलट आहेत. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आले. तिथे निवडणूक जिंकलेला पक्ष होता, १७ एप्रिलला शपथ घेतलेले हंगामी सरकार होते आणि मुक्तिवाहिनी त्याच्या हुकमतीखाली होती. तरीही भारताने मान्यता दिली ती थेट युद्ध सुरू झाल्यावर, ६ डिसेंबरला. श्रीलंकेत १९८३ च्या दंगलींनंतर भारताने एकाच वेळी अनेक तमिळ गटांना प्रशिक्षण दिले. निवडून आलेले असे कोणतेही सरकार त्यांच्यावर नव्हते. त्यांपैकी एलटीटीई या गटाने १९८६ मध्ये टेलो हा प्रतिस्पर्धी गट संपवला आणि १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर बंदुका भारतीय शांतिसेनेवरच रोखल्या. मार्च १९९० पर्यंत सुमारे १,२०० भारतीय जवान कामी आले. २१ मे १९९१ रोजी राजीव गांधींची हत्या झाली.

गोव्यात भारताने अखेर स्वतःच्या नावाने, उघडपणे सैन्य घातले. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत युद्धबंदी व सैन्यमाघारीचा ठरावाला सात विरुद्ध चार मते मिळाली, पण सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. पोर्तुगालने मात्र १३ वर्षे हे मान्य केले नाही. लिस्बनमधील हुकूमशाही १९७४ च्या एप्रिलमध्ये कोसळली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दिल्लीत करार झाला. त्यात गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व, ते प्रदेश भारताचा भाग झाले त्या त्या तारखांपासून, मान्य करण्यात आले.