मार्शली पालक खरेच उदासीन होते का?

कोविड महासाथीच्या काळात अमेरिकेतील मार्शली (पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटांवरून आलेल्या कुटुंबांतील) मुले ऑनलाइन वर्गांत कमी दिसली ती पालकांना शिक्षणाची आस्था नसल्यामुळे, हा समज अजूनही ऐकू येतो. तो वस्तुस्थितीला धरून नाही.

१९८६ मध्ये लागू झालेल्या, अमेरिका आणि मार्शल बेटे यांच्यातील करारामुळे व्हिसाविना अमेरिकेत राहून काम करता येत असल्याने मार्शल बेटांवरील हजारो लोक आर्कान्सा राज्यातील स्प्रिंगडेल परिसरात स्थायिक झाले असून, त्यांतील अनेक जण कोंबडीच्या मांसावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत काम करतात. मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळांच्या इमारती बंद झाल्या, कारखाने मात्र चालूच राहिले. हे काम घरून होण्यासारखे नव्हे (‘पालकांनी मुलाशेजारी बसावे’ ही अपेक्षा कार्यालयीन नोकरदारालाच परवडते), त्यामुळे मुलांवर लक्ष ठेवण्याचा भार अनेकदा आजी-आजोबांवर किंवा थोरल्या भावंडांवर पडला आणि शिक्षकांचे इंग्रजी निरोप तिथेच अडले. त्यातच, एका घरात तीन पिढ्या राहत असल्याने आजार झपाट्याने पसरला: लोकसंख्येच्या जेमतेम दोन-तीन टक्के असलेल्या या समाजाचा वायव्य आर्कान्सातील सुरुवातीच्या कोविड-मृत्यूंत वाटा जवळपास निम्मा होता. १९९६ च्या कायद्याने गेलेली मेडिकेडची (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याची) पात्रताही थेट डिसेंबर २०२० मध्ये परत मिळाली.