मर्यादित आवृत्तीची स्पोर्ट्‌स कार : भाव नेमका कशाला मिळतो?

दुर्मिळ स्पोर्ट्‌स कार घेऊ पाहणाऱ्या किंवा जवळची विकू पाहणाऱ्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : या मॉडेलच्या किती गाड्या निघाल्या? आकडा महत्त्वाचा आहेच. पण भाव नुसता त्यावर ठरत असता, तर फेरारी एफ४० आज जॅग्वार एक्सजे२२० च्या मागे राहिली असती. झाले आहे नेमके उलटे.

१९८७ मध्ये एफ४० आली तेव्हा सुमारे ४०० गाड्या काढायचा बेत होता. मागणी इतकी आली की शेवटी १३०० हून जास्त निघाल्या. तरीही नीट राखलेली एफ४० लिलावात २० लाख डॉलरच्या पुढे जाते. एक्सजे२२० तर तीनशेही बनल्या नाहीत. १९८८ मध्ये तिचा नमुना दाखवला तेव्हा त्यात बारा सिलिंडरचे इंजिन होते आणि ताकद चारही चाकांना जात होती. १९९२ मध्ये ग्राहकांच्या हाती पडली ती सहा सिलिंडरची, टर्बो लावलेली, फक्त मागच्या चाकांवर चालणारी गाडी. तोवर मंदीही आली होती. ५० हजार पौंड अनामत भरलेल्या अनेकांनी अंग काढून घेतले, काही प्रकरणे कोर्टात गेली, आणि पुढे कित्येक वर्षे ही गाडी ४ लाख ७० हजार पौंडांच्या मूळ किमतीच्या बरीच खाली विकली जात होती.

एफ४० ही एन्झो फेरारी यांच्या हयातीत त्यांच्या कंपनीने बाजारात आणलेली शेवटची नवी गाडी. तिला एबीएस नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, रेडिओसुद्धा नाही. ज्या पिढीने शाळेत असताना तिचे पोस्टर भिंतीवर लावले, ती पिढी आता कमावून बसली आहे. अशा गाड्यांची तपासणी आणि मूल्यांकन हे आमचे काम; आमच्या मते या बाजारातली सर्वांत मोठी ताकद हीच आहे : लहानपणी मनात बसलेली गाडी परवडण्याचे वय येणे. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतल्या गाड्यांचे भाव अलीकडे इतके चढले, ते बऱ्याच अंशी यामुळेच.

दुसरे कारण म्हणजे जे परत बनणार नाही त्याची ओढ. स्टिअरिंगमागच्या पॅडलने बदलायचे गिअर आणि टर्बो सगळीकडे आल्यावर क्लच दाबून हाताने गिअर टाकायची, टर्बोविना श्वास घेणारी मोठी इंजिने एकदम मोलाची झाली. पोर्शे कॅरेरा जीटीच्या १२७० गाड्या बनल्या. आकडा तसा लहान नाही, पण दहा सिलिंडर आणि हाताचा गिअर अशी जोडी पोर्शेच्या रस्त्यावरच्या गाडीत पुन्हा आली नाही. फेरारी ५९९ जीटीबीमध्ये हाताचा गिअर मागणारे फक्त ३० ग्राहक निघाले. त्या तीस गाड्यांना आज बाकीच्या ५९९ पेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो.

तिसरे कारण कायद्याचे. अमेरिकेत पंचवीस वर्षे पूर्ण झालेली गाडी तिथल्या सुरक्षा नियमांत न बसताही आयात करता येते. निसान स्कायलाइन जीटी-आर आर३४ पहिल्यांदा १९९९ मध्ये निघाली, म्हणजे २०२४ पासून तिला हे दार उघडले. ही तारीख सर्वांना आधीच माहीत होती, त्यामुळे भाव त्याच्या कितीतरी आधी चढू लागले. तारखेचा गाजावाजा झाल्यावर खरेदीला जाणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

चढलेला भाव उतरतोही

पोर्शे ९११ आर ची गोष्ट आम्ही प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगतो. २०१६ मध्ये ९९१ गाड्या निघाल्या, फक्त हाताच्या गिअरसह. त्या वेळच्या ९११ जीटी३ मध्ये हाताचा गिअर नव्हता, म्हणून लोक तुटून पडले आणि मूळ किमतीच्या कित्येक पट रक्कम मागितली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी पोर्शेने जीटी३ लाच हाताचा गिअर दिला, आणि ९११ आर चा भाव खाली आला. गाडी तीच होती, तितकीच सुंदर. फक्त तिच्यासारखी दुसरी मिळू लागली होती. कंपनी उद्या काय काढेल, हा धोका नव्या मर्यादित आवृत्तीत कायम असतो. तीस वर्षे जुन्या गाडीत तो जवळजवळ नसतो.

लिलावाचे आकडे कसे वाचावेत

ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे येथे १९६२ ची फेरारी २५० जीटीओ ४ कोटी ८४ लाख ५ हजार डॉलरना गेली, असे आपण वाचले असेल. हातोडा पडला होता ४ कोटी ४० लाखांवर. वरचे ४४ लाख ५ हजार हे लिलाव कंपनीचे, खरेदीदाराने भरायचे कमिशन. विकणाऱ्याच्या हाती येणारी रक्कम हातोड्याच्या आकड्यावरून मोजायची, तीही त्याच्या बाजूचा खर्च वजा करून.

काही आकडे तर तुलनेला घेऊच नयेत. २०१६ अखेरीस ठरलेल्या संख्येबाहेर बनवलेली एक ‘ला फेरारी’ गाडी इटलीतल्या भूकंपग्रस्तांसाठी लिलावात काढली गेली आणि ७० लाख डॉलर आले. २०२२ मध्ये मर्सिडीजने आपल्या दोनपैकी एक ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे १३ कोटी ५० लाख युरोंना विकली. तो पैसाही शिष्यवृत्ती निधीसाठी होता आणि बोलीला बोलावले होते ते मोजके निवडक संग्राहक. पहिल्या व्यवहारात दानाचा वाटा मोठा होता, दुसऱ्यातल्या गाडीच्या तोडीचे बाजारात दुसरे काही नव्हतेच. त्यावरून आपल्या गाडीचा भाव लावला, तर निराशा ठरलेली. शिवाय राखीव किमतीपर्यंत, म्हणजे विकणाऱ्याने ठरवलेल्या किमान रकमेपर्यंत, बोली न गेल्याने परत गेलेल्या गाड्या बातमीत येत नाहीत. आम्ही मूल्यांकन करताना त्या आवर्जून पाहतो.

आम्ही काय तपासतो

आम्ही गाड्या विकत नाही आणि विक्रीवर कमिशन घेत नाही. आमचे काम खरेदीपूर्व तपासणी, कागदपत्रांची छाननी, मूल्यांकन आणि साठवण एवढेच.

चासी, इंजिन आणि गिअरबॉक्स यांवरचे कोरलेले क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळतात का, हे सर्वांत आधी. इंजिन मूळचे नसेल तर गाडी वाईट ठरत नाही, पण ती वेगळ्या भावाची गाडी ठरते. मग रंग. एफ४० चे अंग केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याच्या आणि कार्बनच्या विणीचे आहे आणि कारखान्याचा रंग इतका पातळ, की उजेडात खालची वीण दिसते. ती दिसत नसेल तर पुन्हा रंग झाल्याचा संशय घ्यावा आणि का झाला ते शोधावे. रंगाची जाडी मोजायचे चुंबकीय यंत्र इथे चालत नाही, अल्ट्रासोनिक लागते.

यानंतर फाइल : पहिल्या विक्रीचे बिल, सर्व्हिसच्या नोंदी, मालकांची साखळी, जुने फोटो. किल्ल्या, पुस्तिका, पान्यांचा संच हेही मोजले जाते. मॅकलॅरन एफ१ सोबत टायटॅनियमचे पाने आणि गाडीच्या मापाच्या बॅगा येत. अशा वस्तू नंतर जमवणे फार कठीण.

कमी चाललेल्या गाडीला जास्त पैसे मिळतात, हे खरे. २०२१ मध्ये ४०० किलोमीटरही न चाललेली मॅकलॅरन एफ१ २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलरना गेली. पण नुसती उभी ठेवलेली गाडी आतून खराब होते. सील सुकतात, इंधन सडते. एफ४० आणि मॅकलॅरन एफ१ च्या रबरी इंधन टाक्या ठरावीक वर्षांनी बदलाव्याच लागतात, गाडी चालो न चालो. टायरवरचे शेवटचे चार आकडे पाहा : पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. दहा-बारा वर्षांचा टायर नवाकोरा दिसला तरी त्यावर वेगात जाऊ नये. आमच्याकडे ठेवलेली प्रत्येक गाडी आम्ही ठरल्या वेळी चालवतो आणि त्याची नोंद फाइलला लावतो.

नवी गाडी थेट कंपनीकडून मिळत असेल तर करार शेवटपर्यंत वाचा. फोर्ड जीटीच्या करारात दोन वर्षे न विकण्याची अट होती आणि ती मोडणाऱ्यांवर कंपनीने दावे केले. विमा घसाऱ्यावर नव्हे, आधी ठरवलेल्या रकमेवर घ्या आणि ती रक्कम दरवर्षी तपासून घ्या. पाच वर्षांपूर्वीच्या आकड्यावर चालू असलेली पॉलिसी आम्हाला नेहमी दिसते.

मूल्यांकनासाठी येताना चासी आणि इंजिन क्रमांकांचे स्पष्ट फोटो, असतील ती सर्व बिले आणि गाडीला कधी मार लागला असल्यास त्याची माहिती आणावी. अपघात लपवू नका. दुरुस्ती चांगल्या ठिकाणी झाली असेल आणि तिचे कागद असतील, तर नुकसान पुष्कळ आटोक्यात राहते. एखादा कागद हरवला असेल तर तसे आधीच सांगा. जुन्या वर्कशॉपकडून किंवा कंपनीच्या अभिलेखातून त्याची प्रत मिळते का, हे आम्ही तपासणीच्या दिवसाआधी विचारून ठेवतो.