मॉरिशस

मॉरिशस : हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किमी.वरील ज्वालामुखीजन्य बेट. येथे मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. १५९८ मध्ये डच उतरले तेव्हा बेटावर माणसांची वस्ती नव्हती. वटवाघळे सोडली तर जमिनीवर सस्तन प्राणीही नव्हते. आज दिसणारा ऊस डचांनी जावाहून आणलेला, हरणेही तिकडचीच.

डच १७१० मध्ये निघून गेले. १७१५ पासून फ्रेंचांनी येथे बस्तान बसवले आणि आफ्रिका-मादागास्करहून गुलाम आणून मळे उभे केले. डिसेंबर १८१० मध्ये बेट ब्रिटिशांकडे गेले, पण शरणागतीच्या तहात रहिवाशांचे कायदे, रूढी व धर्म राखण्याचे वचन होते. त्यामुळे दीडशे वर्षे इंग्रजी अंमल असूनही वर्तमानपत्रे आजही बहुतेक फ्रेंच आणि घरातली बोली क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली मिश्र भाषा. इंग्रजी राहिली ती संसदेत आणि सरकारी कागदांवर.

१८३५ मध्ये गुलामगिरी संपली. मळेवाल्यांनी त्याआधीच भारताकडे नजर वळवली होती. १८३४ पासून साडेचार लाखांच्या आसपास करारबद्ध मजूर राजधानी पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. त्याला ‘कुली घाट’ म्हणत. आता नाव आप्रवासी घाट, आणि २००६ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. बहुसंख्य मजूर बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातले, काही तमिळ-तेलुगू. कोकणातूनही माणसे गेली, मुख्यतः रत्नागिरीकडून. त्यांचे वंशज संख्येने थोडे, तरी गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते, आणि जाखडीचा नाच समुद्रापलीकडेही टिकला आहे. देश स्वतंत्र झाला १२ मार्च १९६८ रोजी. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम.

या साऱ्या ये-जा करण्याची किंमत मूळच्या जीवसृष्टीने मोजली. कबुतराच्या कुळातला, उडता न येणारा डोडो सतराव्या शतकातच संपला. तो मूर्ख होता म्हणून संपला, ही समजूत त्याच्यावर अन्याय करणारी आहे. जमिनीवरच्या घरट्यातली अंडी जहाजांतून आलेल्या उंदीर, डुक्कर व माकडांनी खाल्ली, जंगलही तुटत गेले. इथली महाकाय कासवेही गेली. मॉरिशस केस्ट्रेल हा छोटा शिकारी पक्षी १९७४ मध्ये रानात अवघा चार उरला होता. पिंजऱ्यात पिल्ले वाढवून, रानात पेट्यांची घरटी लावून त्याची संख्या शेकड्यांत नेली गेली. गुलाबी कबूतरही असेच वाचले. नैर्ऋत्येकडच्या ब्लॅक रिव्हर घळींच्या राष्ट्रीय उद्यानात आता दोन्ही दिसतात. किनाऱ्याजवळच्या इल ओ एग्रेत या लहानशा बेटावर उरल्यासुरल्या आबनुसाच्या रानात सेशेल्समधील अल्डाब्रा बेटाहून आणलेली महाकाय कासवे सोडली आहेत. झाडांच्या बिया पसरवण्याचे, नष्ट झालेल्या कासवांचे काम ती करतात.