किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिन व देवमाशांतील परजीवी

मेलेले किंवा मरणाला टेकलेले डॉल्फिन, शिंशुक आणि देवमासे किनाऱ्याला लागतात तेव्हा त्यांच्या अंगात आणि अंगावर जे परजीवी सापडतात, त्यांची ही नोंद आहे. त्यांत गोलकृमी, पर्णकृमी, पट्टकृमी, काटेरी सोंडेचे कृमी, कातडीला धरून राहणारे कवचधारी आणि काही एकपेशीय जीव येतात. यांतले काही ना काही बहुतेक प्रौढ प्राण्यांत निघतेच. त्यामुळे ‘पोटात जंत निघाले’ एवढ्यावरून मृत्यूचे कारण ठरत नाही. कृमी कोणते, कुठे होते आणि त्यांनी तिथे काय बिघडवले, हे पाहावे लागते.

बडोद्याला समुद्र नाही, तरी कमाटी बागेत देवमासा आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८८७ मध्ये स्थापलेल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे. तो प्राणी मही नदीच्या मुखाकडे वाहून आला होता. दांडिया बाजार, रावपुरा भागांतल्या मराठी घरांतील कित्येक पिढ्यांनी देवमासा पहिल्यांदा पाहिला तो इथेच, हाडांच्या रूपात. मही जिथे समुद्राला मिळते त्या खंबातच्या आखातात भरती-ओहोटीच्या पातळ्यांत १० मीटरच्या आसपास फरक पडतो. भरतीबरोबर उथळात शिरलेला मोठा प्राणी ओहोटीला चिखलात अडकतो, आणि त्यासाठी तो आजारी असावाच लागतो असे नाही.

अशा सांगाड्यावरून परजीवींबद्दल फारसे कळत नाही. जठर, आतडी, मूत्रपिंडे सगळे गेलेले असते. अपवाद आहे तो क्रॅसिकॉडा या गोलकृमीचा. दात असलेल्या, आकाराने लहान जातींत तो कवटीतल्या हवेच्या पोकळ्यांत राहतो आणि भोवतालचे हाड झिजवतो. ती भोके व खडबडीत खड्डे कवटी वाळल्यावरही दिसतात. पूर्व प्रशांत महासागरात ट्यूना पकडण्याच्या जाळ्यांत मेलेल्या ठिपकेदार डॉल्फिनांच्या कवट्या तपासून १९८० मध्ये पेरिन आणि पॉवर्स यांनी एक चतुर निष्कर्ष काढला. हाडावरच्या खुणा कोवळ्या वयात जास्त आणि प्रौढांत कमी होत्या. हाडाची जखम सहसा पुसली जात नाही, म्हणजे खुणा असलेले प्राणी प्रौढ होण्याआधीच मेले असावेत. त्यांच्या अंदाजाने नैसर्गिक मृत्यूंपैकी ११ ते १४ टक्के मृत्यू या कृमीच्या वाट्याला जातात. परजीवी मारतो की नुसता राहतो, या प्रश्नाला इतके थेट उत्तर क्वचितच मिळाले आहे, आणि तेही किनाऱ्यावरच्या नव्हे, जाळ्यात सापडलेल्या प्राण्यांकडून.

याच गोत्रातली क्रॅसिकॉडा बूपिस ही जात फिन देवमाशाच्या मूत्रपिंडात व तिथल्या रक्तवाहिन्यांत राहते. आइसलँडजवळ शिकार झालेल्या फिन देवमाशांपैकी सुमारे ९५ टक्क्यांत ती मिळाली होती. मूत्रपिंड निकामी करण्याची ताकद तिच्यात आहे, तरीही ती अंगात बाळगून बहुतेक प्राणी हिंडत होते.

जठरात सर्वांत ओळखीचा अ‍ॅनिसाकिस. हे गोलकृमी जठराच्या अस्तरात डोके रुतवून झुपक्याने राहतात आणि त्या जागी व्रण पडतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे पाण्यात जातात, अळ्या कोळंबीसारख्या बारीक कवचधारींत शिरतात, त्यांना मासे व माकूळ खातात, आणि तो मासा डॉल्फिनने खाल्ला की फेरा पुरा होतो. माशात अळी प्रौढ होत नाही. गुंडाळून पडून राहते. थंड समुद्रांत अ‍ॅनिसाकिस सिंप्लेक्स, भूमध्य समुद्रात अ‍ॅनिसाकिस पेग्रेफी आणि उष्ण पाण्यात अ‍ॅनिसाकिस टिपिका ही जात प्रामुख्याने आढळते. त्यामुळे कृमीची जात नेमकी ओळखता आली, तर प्राणी कोणत्या पाण्यात चरत होता याचा अंदाज बांधता येतो. पोटातले अन्न पचून जाते, कृमी त्याहून बराच जास्त काळ टिकतो. अभ्यासकाला त्याचे मोल आहे ते यासाठी.

फुप्फुसांत आणि कानाजवळच्या पोकळ्यांत स्यूडालिडी कुळातले गोलकृमी असतात. हॅलोसर्कस फुप्फुसात राहतो. बॉटलनोज डॉल्फिनच्या अगदी नवजात पिल्लांतही तो मिळाल्याने त्याची लागण आईच्या गर्भातूनच होत असावी असे मानतात. स्टेनुरस हा मध्यकर्ण व सायनसमध्ये शेकड्यांनी दाटलेला आढळतो. डॉल्फिन आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट आणि भक्ष्य शोधतो, तेव्हा कान कृमींनी भरला तर तो बहिरा होऊन किनाऱ्यावर चढत असेल, ही कल्पना सहज सुचते आणि वर्तमानपत्रांना आवडते. मात्र धष्टपुष्ट, पोट भरलेल्या शिंशुकांच्या कानांतही हे कृमी भरपूर मिळाले आहेत. बहिरेपणाचा तर्क त्यामुळे लंगडा पडतो.

नासिट्रेमा या पर्णकृमीची गोष्ट वेगळी आहे. तोही हवेच्या पोकळ्यांतच राहतो, पण कधी कधी तो किंवा त्याची अंडी मेंदूत वा श्रवणाच्या मज्जातंतूपर्यंत पोहोचतात आणि तिथल्या पेशी मरतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनांच्या मेंदूत अशी इजा रिजवे आणि डेली यांनी १९७२ मध्ये नोंदवली. एकेकटा, तोल गेलेला, गोल गोल पोहणारा डॉल्फिन किनाऱ्याला लागला तर नासिट्रेमाचा संशय रास्त ठरतो. कळपच्या कळप किनाऱ्याला लागतो त्याचा उलगडा मात्र यातून होत नाही. तमिळनाडूत मणप्पाडच्या किनाऱ्याला जानेवारी २०१६ मध्ये ८० हून अधिक पायलट देवमासे लागले. त्याच भागात जानेवारी १९७३ मध्ये १४७ लागले होते. हे प्राणी एकमेकांना सोडत नाहीत. कळपातला एखादा आजारी असेलही, बाकीचे त्याच्यामागे आलेले असतात.

चरबीच्या थरात, विशेषतः शेपटीकडच्या व जननेंद्रियांजवळच्या भागात, वाटाण्यासारख्या पांढऱ्या गाठी मिळतात. त्या पट्टकृमींच्या अळ्यांच्या असतात. फायलोबोथ्रियम डेल्फिनी चरबीत राहते, मोनोरिग्मा ग्रिमाल्डी पोटाच्या पोकळीत. या अळ्या डॉल्फिनमध्ये कधीच प्रौढ होत नाहीत, कारण त्यांचा मुक्काम शार्कच्या आतड्यात आहे. इथे डॉल्फिन हा शेवटचा मुक्काम नसून वाटेतला थांबा आहे, आणि शार्कने लचका तोडला किंवा मढे खाल्ले की अळी पुढे जाते.

आकाराचे विक्रम स्पर्म देवमाशाच्या नावावर आहेत. त्याच्या मादीच्या अपरेत (वारेत) राहणाऱ्या प्लासेंटोनेमा गिगँटिसिमा या गोलकृमीची मादी ८ मीटरहून लांब असते. १९५१ मध्ये वर्णन झालेला हा ज्ञात गोलकृमींतला सर्वांत लांब. त्याच देवमाशाच्या आतड्यातला एक पट्टकृमी ३० मीटरपर्यंत जातो.

अंगावरच्या मंडळींत ‘देवमाशाच्या उवा’ म्हणवले जाणारे सायॅमस खरे तर कवचधारी आहेत. त्यांना पोहता येत नाही, त्यामुळे अंगाला अंग लागल्यावरच त्या एकाकडून दुसऱ्याकडे जातात. राइट देवमाशांवरील उवांच्या जनुकांवरून, या देवमाशांच्या तीन जाती ५०–६० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असाव्यात असे अनुमान काढले गेले आहे. चरबीत डोके खुपसून बाहेर दोरीसारखा लोंबणारा पेनेला ३० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. पंखांच्या टोकांना चिकटणारा झेनोबॅलेनस हाही कवचधारीच, पण तो फक्त बसायला जागा घेतो. त्याला परजीवी म्हणणे ओढूनताणून होईल. तरी त्याची संख्या बोलकी असते. १९९० मध्ये भूमध्य समुद्रात विषाणूच्या साथीत सापडलेल्या पट्टेदार डॉल्फिनांवर असे चिकटणारे जीव नेहमीपेक्षा जास्त होते, कारण आजाऱ्याचे पोहणे मंदावते.

भारतीय पाण्यातल्या प्राण्यांबाबतची जुनी नोंद १८७६ मधली आहे. इंग्लंडमधले कृमितज्ज्ञ टी. एस. कॉबोल्ड यांनी गंगेतला डॉल्फिन आणि इरावती डॉल्फिन यांच्यातील पर्णकृमींचे वर्णन त्या वर्षी प्रसिद्ध केले.

तपासणीतली मोठी अडचण काळाची असते. जाड चरबी आतली उष्णता कोंडून धरते, त्यामुळे कातडी ताजी दिसत असतानाच आतले अवयव विरघळू लागतात. प्राणी मेल्यावर कृमीही जागा सोडतात, आणि घशात मिळालेला कृमी मुळात जठरातला असू शकतो. श्वासनलिका टोकापर्यंत उभ्या चिरणे, जठराचे कप्पे वेगवेगळे चाळणीवर धुणे, मूत्रपिंडाचे काप करणे, कवटी उघडून सायनस पाहणे हे सगळे त्याच क्रमाने आणि लवकर व्हावे लागते. कृमी अल्कोहोलमध्ये ठेवतात. फॉर्मालिनमध्ये आकार टिकतो पण डीएनए खराब होतो. भारतात हे प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने मृतदेहाला हात लावायला वनखात्याची परवानगी लागते. शिवाय वस्तीजवळच्या किनाऱ्यावर दुर्गंधीमुळे मढे पुरण्याची घाई असते, ती समजण्यासारखी आहे.

माणसाशी थेट संबंध येतो तो अ‍ॅनिसाकिसचाच. कच्च्या किंवा अर्धवट मुरवलेल्या माशातून अळी पोटात गेली तर तीव्र पोटदुखी व उलट्या होतात. नेदरलँड्समध्ये हलक्या मिठातल्या हेरिंग माशाशी जोडलेला असा आजार फान थील यांनी १९६० मध्ये मांडला. अळी ६० अंश सेल्सियसला मरते, तसेच उणे २० अंशांत सात दिवस गोठवली तरी मरते. लिंबू, व्हिनेगर किंवा थोडे मीठ यांवर विसंबता येत नाही. समुद्रापासून दूर असलेल्या बडोद्यात सुरमई किंवा पापलेट मराठी घरांत तळून नाहीतर कालवणातच खाल्ले जाते, तिथे या अळीची भीती बाळगण्याचे कारण नाही. अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. मेलेल्या अळीतली काही प्रथिने शिजवल्यावरही त्रास देऊ शकतात.