केनिया-टांझानियाच्या सफारीला कोणती बॅग न्यावी?

सफारीला निघालेले बरेच ग्राहक आमच्याकडे येतात ते चार चाकांची, कडक कवचाची ट्रॉली बघायला. दुबई-सिंगापूरला ती उत्तम. मसाई मारा किंवा सेरेंगेटीला जाणार असाल तर मात्र ती विकताना आम्ही जरा कां-कूं करतो. मुंबईच्या विमानात बॅग चालते की नाही हे इथे महत्त्वाचे नाही. तुमच्या प्रवासातल्या सगळ्यांत लहान वाहनात ती मावते का, ते आधी बघायचे.

बहुधा ते वाहन म्हणजे छोटे विमान. मोठे विमान नैरोबीच्या जोमो केन्याटा विमानतळावर उतरते, माराकडे जाणारी विमाने सुटतात शहरातल्या विल्सन विमानतळावरून. सेस्ना कॅराव्हॅन हे त्यांतले नेहमीचे. त्यात डझनभर माणसे बसतात आणि सामान पोटाखालच्या बुटक्या कप्प्यात जाते. मऊ बॅग दाबून-वाकवून आत सरकवता येते. कडक पेटी दारातच अडते. म्हणून अट असते ती मऊ बॅगेची, आणि वजन बहुतेक ठिकाणी माणशी 15 किलो. या 15 किलोंत खांद्यावरची बॅग आणि कॅमेराही आला. काही तिकिटांवर थोडी जास्त सवलत असते, तेव्हा तिकीट नीट वाचा आणि टूरवाल्यांना विचारा.

आता हिशोब करा. मोठी कडक ट्रॉली रिकामीच 4 किलोच्या आसपास भरते. चांगली कापडी डफल, म्हणजे लांबट मऊ प्रवासी बॅग, दीड किलोच्या आत बसते. वाचलेल्या अडीच किलोंत एक जाड जाकीट, दुर्बीण आणि बुटांचा जादा जोड आरामात येतो.

सगळा प्रवास रस्त्याने असेल तर वजनाचा जाच कमी, जागेचा मात्र तेवढाच. लँड क्रूझरमध्ये शेवटच्या सीटमागे सगळ्यांच्या बॅगा एकमेकींवर रचतात. तिथेही मऊ बॅगच कोपऱ्यात बसते. शिवाय धूळ. सेरेंगेटीच्या कच्च्या रस्त्यावर ती चेनच्या दातांत जाऊन बसते आणि स्वस्त बॅगेचा रनर तिसऱ्या दिवशी रुसतो.

बॅग घेताना काय बघाल

आकार 40 ते 50 लिटर पुरे. कापड जाड पॉलिस्टर किंवा कॅनव्हास. तळाला पाणी न शिरणारा थर असला तर फारच छान, कारण धावपट्टीवर बॅग जमिनीवरच ठेवली जाते. चेन मोठ्या दातांची हवी. दुकानातच ती दहा वेळा उघड-मीट करून पाहा, आम्हाला राग येत नाही. निघण्यापूर्वी चेनवर साधी मेणबत्ती घासा, धुळीतही ती सहज सरकते. पट्टे नुसते शिवलेले नकोत. जोडाशी चौकोन आणि आत फुलीची शिलाई दिसली पाहिजे.

चाके हवीतच, असे ज्येष्ठ ग्राहक म्हणतात आणि ते रास्त आहे. पण चाकांच्या डफलला तळाशी कडक चौकट असते आणि काही छोट्या विमानांना तीही चालत नाही. छोटे विमान असेल तर चाके विसरा; कॅम्पवर सामान उचलायला माणसे असतात. नुसती जीप असेल तर दोन मोठ्या चाकांची डफल खुशाल घ्या. चार छोटी चाके मुरमाड वाटेवर निरुपयोगी.

मारामध्ये जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास विल्डबीस्टचे कळप पाहायला जाणाऱ्यांनी बॅगेत गरम कपडे ठेवावेतच. आफ्रिका म्हणजे उकाडा, हा समज पहाटेच्या उघड्या छताच्या गाडीत उतरतो. टांझानियातल्या गोरोंगोरो या ज्वालामुखीच्या विवराच्या कड्यावर तर, साधारण 2,300 मीटर उंचीवर, रात्री हुडहुडी भरते. बाकी कपडे तीन जोड बस्स. बहुतेक कॅम्पवर धुऊन मिळतात. आतले कपडे मात्र बरेच कॅम्प धुवायला घेत नाहीत, तेव्हा कपडे धुण्याचा छोटा साबण न्या. गडद निळा आणि काळा रंग टाळा, तिथल्या चावऱ्या त्से-त्से माश्या त्या रंगांकडे धावतात. लष्करी ठिपक्यांचे कपडे तर घरीच ठेवा, तिथे ते सैन्याचे समजले जातात.

फराळाविषयी. भाकरवडी आणि लाडू नेणारच, हे आम्ही गृहीत धरतो. पण प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर केनियात ऑगस्ट 2017 पासून आणि टांझानियात जून 2019 पासून बंदी आहे. बुटांसाठी, ओल्या कपड्यांसाठी घरातल्या पिशव्या सवयीने कोंबल्या जातात, त्या काढून टाका. कापडी पिशव्या वापरा, खाऊ डब्यात भरा. मोठ्या डफलबरोबर आम्ही दोन कापडी पिशव्या देतो त्या यासाठीच.

हातातली बॅग

पाठीवरची छोटी सॅक घ्या, मांडीवर मावेल एवढी. त्यात पासपोर्ट, पीतज्वराच्या लशीचे पिवळे पुस्तक (लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते आणि परत येताना भारतातही हे पुस्तक मागतात), औषधे, कॅमेरा आणि पॉवर बँक. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. तिथले सॉकेट इंग्लंडसारखे, चपट्या तीन पिनांचे. आपला चार्जर बसत नाही, अडॅप्टर लागतो. कॅमेऱ्यावर धूळ बसू नये म्हणून महागडे कव्हर विकत घेऊ नका, घरचा सुती पंचा पुरतो. मोठी लेन्स असेल तर टेकवायला रिकामी बीनबॅग न्या आणि तांदूळ किंवा राजमा तिथे पोहोचल्यावर भरा.

कडक ट्रॉली आधीच घेतली असेल तर ती घेऊन नैरोबीपर्यंत जा. सफारीपुरते सामान घडी होणाऱ्या डफलमध्ये काढा आणि ट्रॉली हॉटेलवर ठेवा. परतीच्या रात्री त्याच हॉटेलवर मुक्काम असला तरच हे सोयीचे, तेव्हा बुकिंग करतानाच विचारून घ्या.

निघण्याच्या आठवडाभर आधी भरलेली बॅग दुकानात आणा. काट्यावर वजन करून देतो, चेन आणि पट्टे तपासून देतो. बॅग आमच्याकडून घेतलेली नसली तरी चालेल.